स्कॅनर नंतर घ्या, आधी रुमाल मोजा

दापोली तालुक्यातल्या एका वाचनालयाशी जोडलेल्या इतिहास मंडळाचा प्रश्न थोडक्यात असा. मोडी लिपीतल्या कागदांचे अकरा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे आहेत, अंदाजे ३,००० सुटे कागद. चाळीसेक पोथ्या नि बाडं. पाच-सहाशे फोटो, शिवाय वीसेक काचेच्या निगेटिव्ह. नमन-खेळे या कोकणातल्या लोककलेच्या आणि भजनांच्या साठ कॅसेटी. हाताशी साठ हजार रुपये, दोन निवृत्त गुरुजी आणि कॉलेजात जाणारी तीन मुलं. स्कॅनर कुठला घ्यावा आणि वेबसाइट कशी करावी?

दोन्हींची उत्तरं खाली आहेत. पण अशी कामं बहुतेक वेळा स्कॅनरपायी अडत नाहीत, वेबसाइटपायीही नाहीत. दोन वर्षांनी चित्र साधारण असं दिसतं: एका हार्ड डिस्कवर ‘न्यू फोल्डर ३’ नावाचा फोल्डर, त्यात चार हजार सुबक फोटो, आणि त्यातलं कुठलं पान कुठल्या रुमालातलं हे सांगणारं कुणी नाही. ज्या मुलाने काम केलं तो नोकरीला पुण्याला गेलेला, ज्या घरचे कागद होते त्यांना ते परत दिलेले. म्हणजे चित्र आहे, कागदही कुठेतरी आहे, दोहोंमधला दुवा तुटलाय. पुढे जे सांगतो ते सगळं हा दुवा तुटू नये यासाठीच आहे. प्रकाश, कॅमेरा, डिस्क ही त्यातली हत्यारं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधीच मान्य करतो. कागद वाचनालयाच्या मालकीचे आहेत की लोकांच्या घरचे, हे प्रश्नातून कळत नाही. मोडी वाचणारं कुणी जवळ आहे का, तेही नाही. कागद कोरडे आणि सरळ असतील तर कामाचा वेग दुप्पट होईल, कसरीने चाळण केली असेल तर निम्मा. तेव्हा आकडे अंदाजाचे समजा, क्रम मात्र बदलू नका.

पहिली गोष्ट ऋतूची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जो दमटपणा असतो त्यात कागद उघडणं म्हणजे बुरशीला आवतण. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते; किनाऱ्यावर पावसाळ्यात ती ८५-९०च्या पुढे असते. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक खोलीत टांगा आणि काटा ६५च्या खाली असेल त्याच दिवशी रुमाल सोडा. हिशेब करून बघा: ३,००० कागद, दोन्ही बाजू धरून ६,००० चित्रं. दोघांची सरावलेली जोडी सुट्या कागदांची तासाला पन्नासेक चित्रं काढते, म्हणजे १२० तास. आठवड्यातून दोन दिवस, तीन-तीन तास बसलात तर वीस आठवडे. दिवाळी आटोपल्यावर सुरू केलंत तर गुढीपाडव्याच्या आसपास मोडी कागद संपतात, मधला शिमगा सोडून. पोथ्या आणि फोटो पुढच्या हंगामाला ठेवा. एका हंगामात सगळं उरकायचं ठरवलं की पहिली कुऱ्हाड नोंदींवर पडते.

पावसाळा रिकामा नाही. गणपतीत चाकरमानी गावी येतात, सगळे भाऊ एका घरात सापडतात. परवानगीच्या सह्या तेव्हाच घ्या. कागदांना हात लावू नका. कोकणात कागद सहसा सामाईक घराच्या माळ्यावर असतात, देणारा एक चुलतभाऊ असतो आणि हरकत घेणारा दुसरा, तो मुंबईला. एकाच्या तोंडी होकारावर कागद इंटरनेटवर चढवले की भाऊबंदकीत तुमचं मंडळ ओढलं जातं. परवानगीचा कागद एक पानाचा पुरे, पण त्यात तीन वेगळ्या चौकटी हव्यात: फोटो काढायला परवानगी, वाचनालयात दाखवायला परवानगी, इंटरनेटवर ठेवायला परवानगी. बरेच जण पहिल्या दोन्हींना हो म्हणतात आणि तिसरीला थांबा म्हणतात. तेही चालेल, काम अडत नाही. खाली कागदांची संख्या, ताब्यात घेतल्याची तारीख, परत करायची तारीख. प्रत त्यांच्याकडेही द्या.

आता नोंद. रुमाल सोडताना आतला क्रम मोडू नका. तारखेप्रमाणे लावायचा मोह गुरुजींना हमखास होतो. पण कारकुनाने किंवा घरच्या कर्त्याने जे कागद एकत्र बांधले ते एका कज्ज्याचे किंवा एका वतनाचे असतात. तारीख नसलेल्या चिठ्ठीचा काळ शेजारच्या कागदावरून लागतो. क्रम गेला की तो पुरावाही गेला. प्रत्येक कागदाच्या पाठीमागे खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलने, २बी चालते, बारीक आकड्यात क्रमांक घाला. बॉलपेन नाही, वाचनालयाचा शिक्का तर मुळीच नाही. कागद पेन्सिल सोसणार नसेल तर त्याला घडीच्या पाकिटात ठेवून पाकिटावर लिहा.

क्रमांकाची रचना साधी ठेवा: संस्थेची दोन अक्षरं, रुमाल, दस्त, पान, बाजू. उदाहरणार्थ ‘वाम-र०३-०१४७-०२-अ’ म्हणजे तिसऱ्या रुमालातल्या १४७व्या दस्ताचं दुसरं पान, पुढची बाजू. इथे देवनागरीत दाखवलं. फाइलच्या नावात मात्र रोमन छोटी अक्षरं आणि आकडेच वापरा, मध्ये मोकळी जागा न सोडता. देवनागरी नावं काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि झिप करताना मोडतात. आकड्यांपुढची शून्यं गाळू नका, नाहीतर १० नंबर २च्या आधी येऊन बसतो. हाच क्रमांक कागदावर, हाच फाइलला, हाच तक्त्यात. फाइलच्या नावात ‘सनद’, ‘जमीन’ असे शब्द घुसडू नका. वर्णन बदलतं, क्रमांक बदलता कामा नये.

तक्त्याला नऊ-दहा रकाने पुरतात: क्रमांक, प्रकार, मूळ तारीख, इसवी सन, कोणाकडून कोणाला, गावं, एका ओळीत सारांश, पानं आणि आकार, स्थिती, मालक व परवानगी. मोडी वाचणारं कुणी नसेल तर सारांश कोरा राहू दे, बाकीचे भरा. राज्य शासनाचा पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो. तिघांपैकी एका मुलाला तिथे धाडा. पण लिप्यंतर होईपर्यंत चित्रं अडवून ठेवू नका. एका पानाच्या लिप्यंतराला कधी एक संध्याकाळ जाते, तीन हजारांना किती जाईल ते बघा.

तारखेच्या रकान्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मोडी कागदावर शक असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौष-माघ-फाल्गुनात तारीख १ जानेवारीच्या पुढे गेली असेल तर ७९. फसली, म्हणजे महसुली सनात, ५९० किंवा ५९१. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा सुहूर सन असतो आणि तो आकड्यात नसून अरबी शब्दांत असतो: ‘सन अर्बा खमसैन मया व अलफ’. अर्बा म्हणजे ४, खमसैन ५०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११५४. त्यात ५९९ मिळवले की १७५३. सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला लागतं, म्हणून पुढच्या १ जानेवारीनंतरचा कागद असेल तर ६०० मिळवून १७५४. पुढे ‘छ १२ रबिलाखर’ असं काही दिसलं तर छ म्हणजे चंद्र, ती मुसलमानी महिन्याची तारीख. मूळ तारीख आहे तशी एका रकान्यात, इसवी सन दुसऱ्यात. एकाने काढलेला सन दुसऱ्याला तपासता आला पाहिजे. एक्सेल १९००च्या आधीची तारीख ओळखतच नाही, उलट ‘३-४’ असा दस्त क्रमांक टाकला तर त्याची गुपचूप तारीख करून टाकतं. सगळे रकाने आधी ‘टेक्स्ट’ करा, मग टंकायला बसा.

तक्ता युनिकोडमध्येच. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टंकलेली यादी दुसऱ्या संगणकावर कचरा होऊन उघडते आणि शोधात कधीच सापडत नाही. युनिकोडमध्येही एक खोच आहे: ‘ऱ्या’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं. दोन्ही दिसतात जवळपास सारखी, संगणकाला मात्र वेगळी. एकाने एका पद्धतीने ‘खोऱ्यात’ लिहिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तर शोधात अर्ध्याच नोंदी येतील. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा हा त्यावरचा सोपा उपाय. गावांची जुनी इंग्रजी नावंही वेगळ्या रकान्यात द्या. परदेशातला अभ्यासक सुवर्णदुर्ग शोधत नाही, ‘सेव्हर्नड्रूग’ शोधतो. बाणकोटला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’, विजयदुर्गाला ‘घेरिया’.

इथवर क्रम असा झाला: पावसात परवानग्या, दिवाळीनंतर क्रमांक आणि तक्ता. रुमालाचा तक्ता तयार असेल तरच तो कॅमेऱ्याखाली जाईल, हा नियम भिंतीवर लावून ठेवा.

आता यंत्र. मोडी कागदांना साधा चपटा स्कॅनर घेऊ नका. स्वस्त, पातळ स्कॅनर ज्या तंत्राचे असतात त्यांना खोलीच नसते. काचेपासून दोन-तीन मिलिमीटर उचललेला भाग धूसर येतो, आणि जुना कागद कुठेतरी उचललेला असतोच. दुसरं कारण वाळूचं. शाई वाळवायला कागदावर वाळूदाणीतून वाळू टाकत, तिचे कण आजही घड्यांत असतात. ते काचेवर आले की काचेला ओरखडे, आणि ओरखडा पुढच्या प्रत्येक पानावर. तिसरं, कागद पालथा घालून, दाबून, उलटून परत घ्यायचा, म्हणजे हाताळणी दुप्पट. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या ऑफिस-स्कॅनरचं तर नाव काढू नका.

त्याऐवजी वरून खाली बघणारा कॅमेरा. २४ मेगापिक्सेलचा वापरलेला कॅमेरा आणि ५०-६० मिमीची मॅक्रो लेन्स पुरे. अशा कॅमेऱ्याचं चित्र ६,००० बाय ४,००० बिंदूंचं. चौकटीत ३६ बाय २४ सेंमी जागा बसवलीत तर इंचाला साधारण ४२० बिंदू मिळतात. हस्तलिखिताला ३०० किमान, ४०० उत्तम, त्यामुळे ए-४ एवढ्या कागदापर्यंत हे अगदी व्यवस्थित. कागदाचे बंद, म्हणजे पट्ट्या, एकाखाली एक जोडून केलेली लांब पत्रं असतात, मीटरभर किंवा त्याहूनही. ती तुकड्यांत काढा, प्रत्येक तुकड्यात आधीच्याचा पाचवा भाग परत येऊ दे. संगणकावर ती जोडण्याची घाई नको, मूळ तुकडे तसेच ठेवा.

स्टँड विकत घ्यायच्या आधी खेड, चिपळूण, रत्नागिरीच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंत विचारा. फोटो मोठे करायच्या जुन्या एन्लार्जरचा खांब आणि पाट हा उत्तम स्टँड होतो; वरचं डोकं काढून कॅमेरा बसवायचा. तो जमिनीच्या मजल्यावर मांडा. माडीच्या फळ्यांवर कुणी चाललं की कॅमेरा हलतो, आणि ती हालचाल डोळ्याला दिसत नाही, मोठं करून पाहिल्यावर अक्षरांत दिसते.

कॅमेरा कागदाला समांतर आहे का, हे बघायला पाटावर मध्यभागी एक छोटा आरसा ठेवा. कॅमेऱ्यातून पाहताना लेन्सचं प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मध्ये दिसलं तर समांतर. दोन एलईडी दिवे, एकाच कंपनीचे, रंगदर्शकता (सीआरआय, रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५ किंवा वर, तापमान ५,०००-५,५०० केल्विन; दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. खिडक्यांना पडदा, छताची ट्यूब बंद. मध्ये एक पेन्सिल उभी धरा: दोन्ही सावल्या सारख्याच गडद दिसल्या तर दिवे सारखे. मग कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो काढून चार कोपरे आणि मध्य ताडून बघा. उजेडाच्या ० ते २५५च्या मोजपट्टीवर १०पेक्षा जास्त फरक नको. लेन्सचं छिद्र एफ ८, संवेदनशीलता आयएसओ १००, पांढऱ्या रंगाचा तोल ठरवून पक्का केलेला, काहीही ‘ऑटो’वर नाही. शटर बोटाने दाबू नका. वायर किंवा दोन सेकंदांचा टायमर वापरा. दर रुमालाच्या सुरुवातीला रंगपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी यांचा एक फोटो, प्रत्येक चौकटीत लहानशी सेंटीमीटर पट्टी.

कागदाखाली काय ठेवायचं, याला कुणी महत्त्व देत नाही, पण मोडीत यावर बरंच ठरतं. पातळ कागदावर मागची शाई पुढे झिरपून दिसते. खाली काळा कागद ठेवला की मागचं लिखाण पुष्कळ फिकं पडतं. पण कागद कसरीने खाल्लेला असेल तर काळ्यावर प्रत्येक भोक शाईच्या ठिपक्यासारखं दिसतं. मोडी ही आडव्या रेषेला लटकलेली, बोरू न उचलता लिहिलेली लिपी. तिच्यात चार ठिपके भलत्या जागी आले की वाचणारा फसतो. अशा कागदाखाली कागदाच्याच रंगाचा, मळखाऊ पिवळट कागद घाला. रुमाल उघडून पाहताच ठरवा आणि तक्त्यात लिहून ठेवा.

हाताळणीचं थोडक्यात. पांढरे सुती हातमोजे नकोत, त्यांना जाणीव नसते, कडा फाटतात; धुऊन कोरडे केलेले हात बरे. मऊ, रुंद ब्रशने वाळू आणि धूळ बाहेरच्या दिशेने झाडा, काम करणाऱ्याने तोंडाला मास्क लावून. घड्या पडलेला कागद टीपकागदांत घालून एक-दोन दिवस वजनाखाली ठेवा. पाण्याचा हबका नाही, इस्त्री नाही. देशी काळी शाई काजळीची आणि डिंकाची, पाणी लागलं की ती सुटते. इंग्रजी अमलातली तपकिरी पडलेली शाई उलट कागद खाते. असं पान उलटताना खाली आधाराचा कागद घेऊन दोन्ही मिळून उलटा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांना बंदी. काम झालेले कागद लाल कापडात परत बांधू नका, दमट हवेत त्याचा रंग उतरतो. न रंगवलेलं मांजरपाट दोनदा धुऊन, खळ काढून वापरा.

एखाद्या घरी कागद ‘इथेच बघा, नेऊ नका’ असं म्हणतील. तिथे मोबाईल चालेल, पण लहान तिपाईवर, फ्लॅश बंद करून, आणि साध्या कॅमेऱ्याने. ‘स्कॅन’ करणारी ॲपं कडा छाटतात आणि कागद पांढराफेक करून फिकी शाई खाऊन टाकतात.

फोटोंना तोच कॅमेरा आणि तेच दिवे. पोस्टकार्डाएवढ्याला इंचाला ६०० बिंदू मिळतील असं जवळून काढा, पाठीमागची बाजूही. स्टुडिओचा शिक्का आणि नावं तिथेच असतात. फ्रेमच्या काचेला चिकटलेले फोटो, आपल्याकडच्या ओलीमुळे हे फार, ओढून काढू नका. वरून काळं कापड धरून काचेतूनच घ्या. काचेच्या निगेटिव्हची निस्तेज बाजू म्हणजे रसायनाची, तिला बोट लावायचं नाही आणि पुसायचंही नाही. पांढऱ्या पडद्याच्या टॅबलेटवर, पण पडद्यापासून तीन-चार सेंमी उंच आधारावर ठेवून फोटो घ्या. टेकवलं तर पडद्याचे बिंदूही चित्रात येतात. काचा एकावर एक रचू नका, कागदाच्या पाकिटात उभ्या ठेवा.

कॅसेटी खरं म्हणजे सगळ्यांत आधी करायला हव्यात, कारण कागद अजून पन्नास वर्षं थांबेल, टेप आणि ती वाजवणारी यंत्रं थांबणार नाहीत. चांगला डेक मिळवा, यूएसबीचा खेळण्यातला प्लेअर नको. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, वेगळी ठेवा. तीच बुरशी डेकमधून पुढच्या कॅसेटला लागते. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे-मागे करून मग वाजवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. तासाला साधारण एक जीबी. खरखर काढण्याचे प्रयोग प्रतीवर करा, मूळ फाइलवर नाही.

साठ हजारांतले एक-तृतीयांश डिस्कांसाठी आधीच बाजूला काढा, मग कॅमेऱ्याचा विचार. ६,००० चित्रं टिफमध्ये प्रत्येकी ७२ एमबी धरली तर ४३० जीबीच्या वर. पोथ्या धरल्या की दुप्पट सहज. २ टीबीच्या तीन डिस्क घ्या: एक वाचनालयात, एक कार्यकर्त्याच्या घरी, एक घाटावर. ही तिसरी चैन नव्हे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या गावांत छपरं उडाली. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, आणि तिथलं जुनं वाचनालयही त्यातून सुटलं नाही. एकाच तालुक्यातल्या दोन प्रती एकाच पावसात जाऊ शकतात. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा, काढून यादी ठेवा; विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ नावाची सोय आधीपासूनच असते. दर दिवाळीला ठसे ताडून बघा. डिस्क नुसती सुरू होते म्हणजे फाइली शाबूत आहेत असं नव्हे. आणि संगणकाला यूपीएस हवाच. कॉपी चालू असताना लाइट गेली की अर्धवट फाइल पूर्ण फाइलच्या वेषात बसून राहते.

हक्कांचा भाग लोक सोडून देतात. १९५७च्या कायद्याप्रमाणे छापील पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. लेखक १९६० साली वारला असेल तर पुस्तक १ जानेवारी २०२१पासून मोकळं. २०१२च्या दुरुस्तीपासून फोटोंचंही मोजमाप फोटोग्राफरच्या मृत्यूपासून, म्हणून पाठीवरचा शिक्का कामाचा. त्याच दुरुस्तीने बिगर-व्यावसायिक सार्वजनिक वाचनालयाला आपल्याकडच्या पुस्तकाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करून ठेवायची मुभा दिली. ती प्रत इंटरनेटवर टाकायची मुभा त्यात नाही. नमन-खेळ्यांत गाणाऱ्यांचा हक्क ५० वर्षं टिकतो, आणि गावात तर ते लोक किंवा त्यांची मुलं हयात असतात. खेळे मंडळाला विचारा, बहुतेक आनंदाने हो म्हणतील. आणखी एक: ७५ वर्षांवरच्या ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना १९७२चा पुरावस्तू कायदा लागतो, ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ‘परदेशात स्वस्तात स्कॅन करून देतो’ म्हणणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लावा.

कायद्यात बसतं ते सगळंच ऑनलाइन ठेवावं असंही नाही. जमिनीचे वाद, कर्ज, जातीच्या नोंदी, दत्तकपत्रं. २०२३पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून मोडी कागद घेऊन कुणीही कुठेही हिंडतंय, आणि चित्रातला अर्धा भाग कापून फिरवणारेही आहेत. असे दस्त यादीत दाखवा, चित्र वाचनालयात येऊन बघू द्या. साधारण गेल्या ८० वर्षांतले घरगुती कागद मी तरी इंटरनेटवर ठेवणार नाही.

राहिली वेबसाइट. पहिल्या वर्षी ती करू नका. डोमेनचं नूतनीकरण चुकतं, जो बनवतो तो निघून जातो, आणि संग्रह रात्रीत गायब होतो. आधी इंटरनेट आर्काइव्हवर चढवा: एक दस्त म्हणजे एक नोंद, लांब बाजूला ३,००० बिंदूंची जेपीजी किंवा पीडीएफ, सोबत तक्त्यातलं वर्णन. तिथला ओळख-क्रमांक एकदा दिला की बदलत नाही, म्हणून तुमचा दस्त क्रमांकच तिथे वापरा. मुदत संपलेली छापील मराठी पुस्तकं असतील तर विकिस्रोतावर त्यांचं वाचन-दुरुस्तीचं कामही होतं. छापील मराठी यंत्र बऱ्यापैकी वाचतं, मोडी अजून भरवशाने नाही. चित्रावर आडवा-तिडवा वॉटरमार्क मारू नका, नेमकं तेच अक्षर झाकलं जातं. खाली समासात संस्थेचं नाव आणि क्रमांक द्या, फिरत गेलेलं चित्रसुद्धा मग घर विसरत नाही. खातं एखाद्या मुलाच्या खासगी ईमेलवर काढू नका. संस्थेच्या नावाचा ईमेल काढा, पासवर्ड दोघांकडे लेखी, आणि अधूनमधून उघडत राहा. दोन वर्षं न वापरलेलं खासगी खातं गूगल काढून टाकू शकतं.

सुरुवात अशी करा. काहीही विकत न घेता एक रुमाल निवडा, त्यातले पन्नास कागद. परवानगी, क्रमांक, तक्ता, उसना कॅमेरा, तीन जागी प्रती, दहा दस्त ऑनलाइन. सगळा फेरा पुरा करा. मग ज्याने हे काम केलेलं नाही अशा माणसाला संगणकावरचं एक चित्र दाखवा आणि त्याचा मूळ कागद कपाटातून आणायला सांगा. दोन मिनिटांत तोच कागद हाती आला तर कॅमेरा घ्यायला हरकत नाही. नाही आला तर तक्ता परत उघडा.